श्रुतिकेतली आई

आई, गेल्या आठवड्यात मी तुझ्यासाठी भांडायला पनवेलच्या मोहल्ल्यात गेले होते. तुझ्यासाठी भांडायची मला सवय नाही. तुझ्याशी भांडायची आहे, आणि तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली तरी ती मी सोडलेली नाही. त्यामुळे सुकापूरहून रिक्षात बसले तेव्हा चुकीच्या बाजूने कोर्टात निघाल्यासारखं वाटत होतं. पण मुद्दा न्यायाचा होता. तळोज्याच्या कंपनीत निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं, कामगाराचं म्हणणं खरं असेल तर साहेबाला तोंडावर सांगितलं आणि साहेबाचं खरं असेल तर कामगाराला. मग आईच्या बाबतीत गप्प का बसायचं, असं मी स्वतःला समजावलं.

झालं असं की रेडिओ केंद्रावरून एका मुलीचा फोन आला. जुन्या टेप संगणकावर चढवायचं काम ती करते. तुमच्या काळातलं बहुतेक सगळं पुसलं गेलं हे तुला ठाऊकच होतं. टेप महाग, म्हणून एक श्रुतिका प्रसारित झाली की तिच्यावरच पुढची, नाहीतर कुणाचं तरी खतांवरचं भाषण. त्यातून एक टेप वाचली आहे म्हणे. मुलगी सासरी जायच्या आदल्या दिवशी आई तिचे केस विंचरत बोलते, ती श्रुतिका. डब्यावर दोन बायकांची नावं आहेत, एक तुझं आणि एक तुझ्या पनवेलच्याच मैत्रिणीचं, म्हणजे तिने रेडिओसाठी घेतलेलं टोपणनाव. आई कोण झाली होती आणि मुलगी कोण, हे मात्र कुणी लिहिलेलं नाही. आता ती पुन्हा लागणार आहे आणि भूमिकांसकट नावं जाहीर करायची आहेत. "मॅडम, तुम्ही एकदा ऐकून सांगाल का?" असं त्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, ऐकायची गरज नाही, आईचं काम माझ्या आईचं आहे. ती म्हणाली, "मॅडम, त्या दुसऱ्या बाईंचे चिरंजीवही अगदी हेच म्हणाले."

मला इतकी खात्री का होती, हे तुला सांगायला हवं, कारण तू असताना आपलं कधी या विषयावर बोलणं झालं नाही. बोलणं कुठल्याच विषयावर झालं नाही. तुझा घसा नाजूक, म्हणून रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवसापासून तू मौन धरायचीस, आणि रेकॉर्डिंग नसेल तर तालीम असायची, तालीम नसेल तर घसा बसलेला असायचा. स्वयंपाकघरात तुझी स्वतंत्र भाषा होती. तव्यावर उलथन्याचा एक ठोका म्हणजे जेवायला ये, दोन म्हणजे पुस्तक घे. डब्याचं झाकण आपटलंस की मी दप्तर उचलायचं. बाबा भाताच्या गिरणीत कारकून, दिवसभर यंत्रांच्या आवाजात बसणारे, त्यांना हे सगळं फार मानवलं होतं. "घरात शांतता आणि रेडिओवर बायको," असं ते लोकांना सांगायचे, "असा नशीबवान माणूस दाखवा." लोक हसायचे. मला हसू आलेलं आठवत नाही. तू मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंस आणि पालकांना भेटायला बोलावलं त्या दिवशी सिस्टरसमोर हात जोडून नुसती मान हलवत बसलीस. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी वर्गात मला जवळ बोलावून हळूच विचारलं, तुझी आई मुकी आहे का? मी म्हटलं, नाही सिस्टर, ती रेडिओवर बोलते. पुढे वर्षभर मुली मला बघून ओठ मिटून हातवारे करायच्या. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. ती तिथे घासली गेली. घरात एकीने बोलायचं नाही म्हटल्यावर कुणीतरी दोघींच्या वाटचं बोलायलाच हवं होतं.

आणि मग ती श्रुतिका लागली. आळीत रेडिओ आपल्याकडेच, म्हणून बायका दुपारची भांडी टाकून आपल्या खोलीत येऊन बसल्या होत्या. मी दाराशी. तू चुलीपाशी तांदूळ निवडत होतीस, आपलं कुणी ऐकतंय याच्याशी काही संबंध नसल्यासारखी. रेडिओतली आई म्हणत होती, ये, बस अशी, उद्यापासून तुझे केस कोण विंचरणार ते मला ठाऊक नाही. गुंता झाला तर ओढू नकोस, टोकाकडून सोडव. रडू आलं तर रड, पण उपाशीपोटी रडू नकोस. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मी नऊ-दहा वर्षांची, त्या दिवशी सकाळी माझ्या वेण्या मीच घातलेल्या, एक वर एक खाली, कारण तुला संहिता आणायला पहाटेची एसटी पकडायची होती. ते ऐकून मी उठले आणि मागच्या परसात जाऊन बसले. संपेपर्यंत आत गेले नाही, म्हणजे शेवटी नावं सांगतात तीही ऐकली नाहीत. शेजारच्या काकू जाताना म्हणाल्या, "तुझ्या आईने आज सगळ्यांना रडवलं गं." जेवणं झाल्यावर मी तुला विचारलं, ती तूच होतीस ना? दुसऱ्या दिवशी तुझं रेकॉर्डिंग होतं. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि तसाच काढून घेतलास. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. तेव्हापासून माझं तुझ्याविषयी जे मत झालं ते झालं. ही बाई परक्या मुलीचे केस हवेतल्या हवेत विंचरते आणि साऱ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल असं तिच्याशी गोड बोलते.

एकदा तू मला स्टुडिओत नेलं होतंस. शाळेला सुट्टी, बाबा गिरणीत, मला ठेवायला कुणी नाही, म्हणून. एसटीत तुझ्या शेजारी तुझी मैत्रीण, काळा बुरखा घातलेली, तिला मी मावशी म्हणायचे. तिच्या घरच्यांना रेडिओचं चालत होतं, नाव जाहीर झालेलं चालत नव्हतं, म्हणून ते टोपणनाव. तू खिडकीकडे तोंड करून मौनात आणि मावशी पूर्ण वाटभर माझ्याशी बोलत. "बेटा, भूक लागली काय तुला? ही खारीक घे. आई बोलत नाय म्हणून तोंड कशाला पाडतेस, मी हाय ना बोलायला, अल्लाने मला दोघींचं तोंड दिलंय." तू कोपराने तिला ढोसलंस. ती म्हणाली, "बघ, हात चालतो तिचा."

स्टुडिओत गेल्यावर तू बांगड्या काढून रुमालात बांधल्यास. कडक इस्त्रीची साडी माइकजवळ सळसळते म्हणून तू रेकॉर्डिंगला नेहमी धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ नेसायचीस, हेही मला तिथे कळलं. संहितेची पानं तुम्ही टाचणी काढून सुटी केलीत, आणि वाचून झालेलं पान आवाज न करता खालच्या गालिच्यावर सोडत होतात. एकच माइक, त्याच्या दोन बाजूंना तुम्ही दोघी. भांडणाचा प्रसंग आला की मावशी मागे सरकायची, गुपित सांगायचं असलं की तू पुढे. दूरच्या खोलीतून हाक मारायची म्हणजे चक्क माइककडे पाठ करायची. आणि तू तोंड उघडलंस तर त्यातून सोळा वर्षांची पोर बोलायला लागली. तू तेव्हा पस्तिशीची, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि आवाज असा की परकर-पोलका दिसावा. मावशी त्यात जमीनदारीण होती. एसटीत माझ्याशी बोलणाऱ्या बाईचा तिथे मागमूस नव्हता, एकेक शब्द स्वच्छ घासून ठेवलेला, पुण्याच्या कुठल्या घरातली बाई असावी तसा. मला त्या दिवशी खरं म्हणजे कळायला हवं होतं. पण मी आपली काचेपलीकडे बसून एवढंच मोजत होते की माझी आई किती बोलते आहे.

नंतर रेडिओवरची कामं आटली, बाबा गेले, मी नोकरीत स्थिरावले, आणि तू सत्तरीला टेकलीस तेव्हा तुला मालिकेत घेतलं. सासूची सासू, नाकात एवढी मोठी नथ. पहिल्या दिवशीचा घोटाळा तूच मला सांगितला होतास, हसत. जन्मभर तू माइककडे बघून बोललीस, समोरच्या माणसाकडे नाही. सेटवर माइक डोक्यावर काठीला टांगलेला. तर दर वाक्याच्या आधी तुझी नजर आपोआप वर जायची, माइक कुठे आहे ते शोधायला. दिग्दर्शकाला वाटलं, म्हातारी कसला भयंकर विचार करते आहे. त्याने कॅमेरा जवळ घेतला आणि मागे ढोल वाजवला. पुढे ती वर जाणारी नजर हीच तुझी ओळख झाली. बाजारात कोळणी आणि भाजीवाल्या तुला बघून वर बघायच्या. एकदा कोथिंबीर मागितलीस तेव्हा ती गव्हाणकडची भाजीवाली म्हणाली, "आजी, तुला नाय देनार. त्या सुनेला तू उपाशी ठेवतंस, आमी काय बघत नाय काय?" तू म्हणालीस, अगं, ते लिहिलेलं असतं. ती म्हणाली, "लिवतंय कोन, तूच बोलतंस ना?" तिने शेवटी दिली, पण वाळलेली जुडी बघून दिली.

त्या दिवसांत तू घरी भरपूर बोलायचीस. आता आवाज कशाला जपायचा, इथे चेहरा विकला जातो, असं म्हणायचीस. आवाजही बदलला होता, जाड, खालच्या पट्टीतला. सकाळी चहाला बसलीस की सेटवरची कुलंगडी, कोणाला काढलं, कोणाला पायऱ्यांवरून पाडून मारलं. मी पेपर वाचत असायचे. तू म्हणायचीस, ऐकतेस ना? मी म्हणायचे, तव्यावर दोन ठोके मार, म्हणजे ऐकते. तुला ते लागलं असेल. मला बोलल्याचं वाईट वाटलं नव्हतं, आजही फारसं वाटत नाही. बोलण्याचीही एक वेळ असते आणि ती तू दुसऱ्यांना देऊन टाकली होतीस. वर्षा-दोन वर्षांत तू गेलीस. मालिका अजून दुपारी पुन्हा पुन्हा लागते. लोक मला विचारतात, आईची आठवण येत असेल ना. मी सांगते, यायला ती जाते कुठे, रोज दुपारी सुनेला छळत असते.

तर मोहल्ल्यात, मावशीच्या घरी. मावशीचा मुलगा माझ्याच वयाचा, कुवेतला कुठल्याशा कंपनीत हिशेबनीस होता, आता इथेच आहे. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, बोलणं आईसारखंच न थांबणारं. रेडिओची मुलगी लॅपटॉप घेऊन आधीच आलेली. त्याच्या बायकोने सांदण आणून ठेवलं. मी सांगितलं, आधी काम. तो म्हणाला, "ताई, खा हो, सांदणाने निकाल बदलत नाय." मग आपणहून सुरू झाला. "आमची अम्मी घरात एवढी बोलायची की अब्बा दुपारी दुकानात जाऊन झोपायचे. रेडिओवर गेली की घराला सुकून. मला तिचा आवाज ओळखायला टेप पूर्ण ऐकायला नाय लागत." मी म्हटलं, घरातला आवाज आणि माइकचा आवाज वेगळा असतो, हे तुम्हाला माहीत नसेल. तो म्हणाला, "तुम्हाला घरातला तरी माहीत हाय काय? अम्मी सांगायची सगळं." त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघून म्हणाला, "सॉरी ताई. पण तुमच्या आईला सगळे ओळखतात. आज पण टीव्हीवर येतात. आमच्या अम्मीचं खरं नाव एकदा पण कुणी घेतलं नाय. ह्या मॅडम म्हणतात, ह्या वेळी खरं नाव सांगणार. म्हणजे आईचं काम कुणाचं, ते सांगतील ना, मुलीचं कोण लक्षात ठेवतं?" मी म्हटलं, नावं दयेवर लिहीत नाहीत, लावा टेप.

पहिलं वाक्य आलं, ये, बस अशी. तो डोळे मिटून बसला. मी नाही मिटले. मला राग पाहिजे होता तसाच आला, इतक्या वर्षांनी, जसाच्या तसा, परसातल्या दगडावर बसलेला. टोकाकडून सोडव, असं ती म्हणाली तेव्हा त्याचे ओठ हलले. "हे माझ्या बहिणीला बोलायची," तो म्हणाला, "अस्संच, 'टोकाकडून' बोलून जरा थांबायची." मी म्हटलं, नटी संवाद घरीही म्हणते, त्याने काही सिद्ध होत नाही. माझी खात्री तसूभर हलली नव्हती. हे मी तुला सांगते कारण पुढे जे झालं ते मला कुणी पटवलं म्हणून झालं नाही.

ते लांब बोलणं संपलं, आणि मुलीचं वाक्य यायच्या आधी एक श्वास ऐकू आला. तोंड उघडून घेतलेला, छोटा. तुझ्या मौनाच्या दिवसांत तू कधी कधी विसरायचीस. मी शाळेतून आले की, किंवा ताटावर बसले की, काहीतरी बोलायला म्हणून असा श्वास घ्यायचीस, मग आठवायचं आणि ओठ मिटून तो नाकाने हळूच सोडून द्यायचीस. तुझा आवाज कसा होता हे मला कुणी विचारलं तर मी आजही सांगू शकणार नाही, पण तो श्वास मी हजारांत ओळखेन. लहानपणी तो आला की मी थांबायचे, या वेळी पुढे काही येईल म्हणून. टेपवर तो आला आणि या वेळी पुढे शब्द आले. पातळ, सोळा वर्षांच्या पोरीच्या आवाजात तू म्हणालीस, "आई, अजून थोडा वेळ बसू दे ना मला तुझ्याजवळ."

मी रेडिओच्या मुलीला म्हटलं, थांबव. तिला वाटलं मी हरकत घेणार. तोही सरसावून बसला. मी म्हटलं, यातली ती मुलगी आहे ना, ती माझी आई. रेडिओची मुलगी म्हणाली, "मग आईच्या भूमिकेत यांच्या..." मी म्हटलं, हो, तेच लिही, आणि त्यांचं खरं नाव लिही, स्पेलिंग त्यांना विचारून घे. त्याने सांदणाची बशी माझ्याकडे सरकवली. मग उगाचच म्हणाला, "ताई, तुमच्या आईचं काम पण छान हाय." मी म्हटलं, मला दिसतंय. सांदण खाल्लं. चांगलं होतं.

आता घरी आल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. सकाळी चहा गाळताना सवयीने तुझ्याशी भांडायला घेते आणि मुद्दा सापडत नाही. सगळा राग गेला असं समजू नकोस. वेण्या मीच घालत होते, ते खरंच आहे, आणि तव्यावरचे ठोकेही खरे आहेत. पण परक्या मुलीशी गोड बोलल्याबद्दल जन्मभर तुला धारेवर धरलं, ते बोलणं तुझं नव्हतंच. एसटीत मला खारीक देणारी ती, रेडिओवर केस विंचरणारीही ती. त्या श्रुतिकेत तुला बोलायला जे मिळालं होतं ते माझं वाक्य होतं. डोक्यावर हात ठेवलास तेव्हा तुला हे सांगायचं होतं का, की नुसतंच झोप म्हणून सांगायचं होतं, ते मी आता ठरवू शकत नाही आणि ठरवण्याचा आव आणणार नाही.

हे मी टपालात टाकणार नाही, टपालखात्याच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या मुलीने ती श्रुतिका मला फोनवर पाठवली आहे. रोज दुपारी, तुझी मालिका लागायच्या वेळेला, टीव्ही बंद ठेवून मी ती लावते. मावशीचं बोलणं पूर्ण ऐकते. मग तुझा श्वास येतो, आणि तिथे मी फोन बंद करते. पुढचं वाक्य मला पाठ आहे. तू माझ्याकडे थोडा वेळ मागते आहेस असं वाटतं, आणि आपल्या घरात कुणी काही मागितलं तर काय म्हणायचं असतं, ते मला येत नाही.